औशातली येळवस आणि न आलेलं पातेलं

सोलापूरहून संध्याकाळी सातची माझी रेल्वे होती, आणि एकोणसाठ वर्षांत मी एकही गाडी चुकवलेली नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. स्टेशनवर दीड तास आधी जाऊन बाकड्यावर बसणाऱ्यांतली मी. घरचे चेष्टा करतात, पण त्यांच्या गाड्या चुकतात आणि माझी चुकत नाही. म्हणून औशाच्या नाक्यावर जे झालं त्यात माझा काडीचाही दोष नव्हता. पुढे दुपारी जे झालं त्यात होता, आणि तोही सांगणार आहे.

नांदेडला धाकट्या बहिणीकडे आठ दिवस राहून मी देवरूखला परत निघाले होते. तिने भल्या पहाटे एका खाजगी छोट्या बसमध्ये बसवून दिलं. "ताई, आज गाडीला गर्दी नसेल, पाय पसरून जा," म्हणाली. गर्दी का नसेल, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. लातूरला सगळे उतरले. मग गाडीत मी, चालक बालाजी आणि बहिणीने दिलेली लोणच्याची बरणी, एवढेच उरलो.

सकाळी साडेदहा, औशाचा नाका

औसा आलं आणि गाडीच्या पोटातून असा आवाज निघाला की मी बरणी छातीशी धरली. बालाजी खाली उतरला, वाकून बघितलं, डोकं खाजवलं.

"बाई, क्लचप्लेट गेली."

"मग मेकॅनिकला बोलवा."

"मिस्त्री शेतात गेला असंल."

"दुसरा?"

"तो बी शेतात. आज येळवस हाय."

मला वाटलं, असेल एखादा गावचा उपास-तापास. "सगळे मेकॅनिक शेतकरी आहेत का इथले?" मी विचारलं. बालाजीने माझ्याकडे फार दयेने पाहिलं. "बाई, समदं गाव शेतात हाय. आमच्या बिलोलीकडं एवढं न्हाई, म्हून माझ्या ध्यानातच राह्यलं न्हाई. न्हाईतर गाडी काढली असती का आज?"

एवढ्यात एक ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत बायका-पोरं, गाठोडी, घोंगड्या, डोक्याएवढी मडकी. ट्रॅक्टर थांबला. बालाजीची नि त्या माणसांची ओळख ना पाळख, तरी दोघांनी त्याला हाताला धरून वर घेतलं. मलाही म्हणाले, "चला की मावशी, जेवायला!" अनोळखी माणसांच्या ट्रॉलीत बसून जेवायला जायचं? मी नको म्हटलं. बालाजी मात्र गेला, गाडीची किल्लीही घेऊन गेला. "सहापातूर मिस्त्रीला घेऊन येतोच, तुमी गावात बसा!" हे त्याचं शेवटचं वाक्य. ट्रॅक्टर धुरळ्यात दिसेनासा झाला तरी माझं तोंड उघडंच होतं.

नाक्यावर अर्धा तास उभी राहिले. सोलापूरकडे दोन ट्रक गेले, थांबलं कुणी नाही. बहिणीला फोन लावला, तर ती हसायलाच लागली. "अगं हो, येळवस नाही का! मार्गशीर्षातली अमावस्या. लातूरकडे आज सगळे शेतात जेवतात. उद्याचं तिकीट काढ हो ताई." माझी पहिली गाडी चुकणार होती, आणि सख्खी बहीण हसत होती.

गावात

चहा तरी मिळेल म्हणून पिशवी खांद्याला लावून आत शिरले. जे पाहिलं ते नीट सांगते, कारण परत आल्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. बाजारपेठेतली एकूण एक शटरं खाली. चहाच्या टपरीवर पातेलं पालथं. औषधाच्या दुकानालाही कुलूप, शटरवर खडूने एकच शब्द: येळवस. भरल्या तालुक्याच्या गावात सकाळी अकरा वाजता एक माणूस नाही. कुत्रीसुद्धा नव्हती, ती माणसांच्या मागोमाग शेतात गेली होती, हे मला नंतर कळलं.

मला खरंच धडकी भरली. दंगल झाली की काय, रोगराई आली की काय, असे सगळे विचार मनात येऊन गेले. आमच्याकडे गणपतीत दुपारच्या जेवणानंतर वाडी अशी शांत होते, पण तेव्हा निदान घोरण्याचे आवाज येतात. इथे माझ्याच चपलांचा आवाज मला ऐकू येत होता.

आणि गाव किती देखणं! काळ्या दगडाच्या चौकटी, त्यांवर कोरलेली वेलबुट्टी, मोरपिशी रंगाची दारं, पांढरीशुभ्र मशीद आणि तिच्या मागे किल्ल्याचा बुरूज. एरवी या गल्लीत फटफट्यांच्या गर्दीत मान वर करायला मिळाली नसती. आज अख्खं गाव मला एकटीला बघायला ठेवल्यासारखं होतं. एका दाराशी मी थबकले. कडीला कुलूप नव्हतं, नुसती काडी अडकवलेली. पुढच्या दारालाही तसंच. एका स्कूटरला किल्ली तशीच लटकत होती. आमच्या घरी विहिरीवर जातानाही मी कुलूप लावते, वर ओढूनही बघते. त्या काडीकडे पाहून मीच घाबरले, जणू काही गेलं तर आळ माझ्यावर येणार.

तेवढ्यात धुराचा उग्र वास आला. मागोमाग भात्याचा आवाज, फस्स फस्स. लहानपणी आमच्या दाराशी कल्हईवाला बसायचा तेव्हाचा तो नवसागराचा वास, मी कुठेही ओळखेन. वळणावर एका छोट्या दुकानापुढे, खड्ड्यातल्या कोळशावर एक सत्तरीतला माणूस पातेली फिरवत बसला होता. त्या ओसाड गावात माणूस दिसल्याचा आनंद व्हायच्या आधी त्याच्या कपड्यांनी मला बुचकळ्यात टाकलं. परीटघडीचा पांढरा सदरा, नवी टोपी, कानात अत्तराचा फाया. असे कपडे घालून कुणी कोळशापाशी बसतं का?

"बैठो बाई. पाणी घ्या. कुठून आलाव?"

"देवरूख. रत्नागिरी जिल्हा. गाडी बिघडली."

"तेच म्हनलं. आज औशाला मुद्दाम कोन येतंय?"

नाव खाजाभाई. बाप, आजा, पणजा, सगळे कल्हईवाले. बायको वारली, मुलगी उदगीरला दिलेली, मुलगा मित्रांबरोबर त्यांच्या शेतात गेलेला. त्याने बिनदुधाचा चहा केला. तो मला अमृतासारखा लागला.

"आज पण गिऱ्हाईक आहे होय?" मी विचारलं.

"कुठलं गिऱ्हाईक! घरचीच पातेली हाय. सकाळपासून तिसऱ्यांदा करून राह्यलो."

पातेली आरशासारखी चमकत होती. मी न राहवून विचारलं, "तुम्ही नाही गेलात शेतात?"

"मला कुठं शेत हाय? ज्याला शेत न्हाई, त्याला शेतवाला बोलावतो. आज औशात कुनाच्या घरी चूल पेटत न्हाई." थोडा वेळ तो भाता ओढत राहिला. मग सांगू लागला.

मन्मथअप्पा म्हणून त्याचा मित्र होता, गावाबाहेर पुलापलीकडे शेती. बेचाळीस वर्षं येळवसचं जेवण खाजाभाईने त्याच्या शेतात घेतलं. अप्पाच्या घरी एक मोठं पितळी पातेलं होतं. येळवसला भज्जी त्यातच शिजायची. चिंच, बोरं, हिरवे दाणे, पालेभाज्या असं सगळं तिच्यात पडतं, आणि असलं आंबट बिनकल्हईच्या पितळेत कळकतं. म्हणून आठ दिवस आधी अप्पा पातेलं खांद्यावर मारून इथे आणायचा.

"ये म्हनून कधी म्हनला न्हाई. पातेलं धाडकन ठेवायचा अन् म्हनायचा, 'चकाचक पायजे.' बस. तेच बोलावनं. आषाढात गेला बिचारा. औंदा पातेलं आलंच न्हाई, बाई."



"तरी येडा मी. पहाटे अंघोळ करून, कपडे घालून बसलो. नऊ वाजेस्तोवर रस्ता बघितला. मग म्हनलं, हाताला काम तरी द्यावं." म्हणजे हा माणूस सकाळपासून उपाशी होता, आणि घरात चूल नाही. माझ्या हातातला चहा तेवढा त्याच्या घरचा.

आता माझा स्वभाव सांगायला हवा. आमच्या कोकणात घरी येऊन अक्षत दिल्याशिवाय ते बोलावणं धरत नाहीत. गेल्या वर्षी चुलतभावाने वास्तुशांतीला मोबाईलवर पत्रिकेचा फोटो पाठवला. मी गेले नाही. आजतागायत गेले नाही. मानाचं म्हणून काही असतं की नाही? त्यामुळे खाजाभाईचं दुःख ऐकून माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

"मुळीच जाऊ नका," मी म्हटलं. "बाप गेला आणि पोरं विसरली, असंच ना? बोलावल्याशिवाय जायचं म्हणजे आपणच आपली किंमत घालवायची."

"हाव," तो हळूच म्हणाला. "मी बी तेच म्हनतो." पण त्याचा चेहरा उतरला. मी वेगळं काही बोलेन अशी त्याला आशा असावी, हे आता कळतं. तेव्हा मला माझ्या सल्ल्याचा अभिमान वाटला होता.

माझ्या पोटात कावळे ओरडत होते ते त्यालाही ऐकू आले असतील. "तुमी जावा बाई. या रस्त्यानं पूल वलांडला की कुनीबी हाक मारंल. पयलं शेत त्यांचंच हाय, चिंचेचं झाड दिसंल." मग भाता थांबवून म्हणाला, "तिथं माझं नाव काढू नका. कसम हाय तुमाला."

मी शब्द दिला.

पुलापलीकडे

खरं सांगते, भूक होतीच, पण मला ती माणसं बघायचीही होती. चिंचेपाशी मान ताठ ठेवून पुढे जायचं आणि पुढच्या शेतात जेवायचं, असं ठरवूनच निघाले.

पूल ओलांडला आणि गाव कुठे गेलं होतं ते दिसलं. नजर जाईल तिथवर हिरवी ज्वारी, हरभरा, करडई आणि प्रत्येक शेतात माणसांचा गलका. कुठे झाडाला झोका, कुठे पतंग. आमच्या डोंगरउतारावर एवढं सपाट रान एकदम कधी दिसत नाही. मला थोडं गरगरलंच. चिंचेजवळून मान ताठ करून मी चार पावलं गेले असेन, तोच दोन बायका धावत आल्या. एकीने पिशवी काढून घेतली, दुसरीने दंड धरला. "कुटं चाललाव मावशी? आज उपाशी कुनी रस्त्यानं जायचं नसतं!" त्या पकडीतून सुटणं मला शक्य नव्हतं. पाचव्या मिनिटाला मी त्याच शेतात सतरंजीवर बसले होते.

ज्वारीच्या पिकात कडब्याची छोटी झोपडी केलेली. तिला ते कोप म्हणतात. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव, त्यांवर घोंगडीची सावली, पुढे दिवा. बाजूला दगडांच्या चुलीवर भलंमोठं भगुनं. चाळीसेक माणसं असतील. चूल सांभाळत होत्या गंगाबाई, मन्मथअप्पांच्या पत्नी. उंच, सडपातळ, आवाज असा की दोन शेतं पलीकडे जावा.

मला वाटलं होतं सगळे जेवून सुस्तावले असतील. तर एकाच्याही पुढ्यात पत्रावळ नाही. एक वाजून गेला होता. पोरं रडकुंडीला आलेली. शेजारच्या शेतातले लोक जेवून, ढेकर देऊन हिंडत होते.

"पाणी घ्या बाई," गंगाबाई म्हणाल्या. "जेवन जरा थांबून. खाजाभाऊजी यायचे हायत."

पाण्याचा घोट माझ्या घशात अडकला. ठसका लागून डोळ्यांतून पाणी आलं. कुणीतरी पाठीवर थापट्या मारल्या. समोर, पाच दगडांशेजारी एक पाट मांडलेला होता आणि त्यावर एक पितळी पेला उपडा ठेवला होता. ती त्याची जागा होती.

शब्द दिला होता, कसम होती. पण मला राहवेना. "तुम्ही बोलावलंय का त्यांना?" मी विचारलं.

माझ्या हाताला मी जेवायला बोलावते का, असं विचारल्यासारखं गंगाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "घरच्या मान्साला कोन बोलावतं बाई? बोलावनं पाव्हन्याला असतंय."

भोवतालच्या बायका हसल्या.  तासाभरापूर्वी त्या माणसाला "मुळीच जाऊ नका" असं कोण म्हणालं होतं? मी. आणि हे चाळीस जण कोणासाठी उपाशी बसले होते?

मी सगळं सांगून टाकलं. पांढरा सदरा, तिसऱ्यांदा केलेली कल्हई, नऊ वाजेपर्यंत बघितलेला रस्ता. न आलेलं पातेलंही सांगितलं. आणि हेही सांगितलं की मी त्यांना जाऊ नका म्हटलं. ते सांगताना मला लाज वाटली, पण सांगितलं.

कुणी हसलं नाही. गंगाबाईंचा मोठा मुलगा शिवराज चुलीकडे बघायला लागला. तेव्हा माझ्याही लक्षात आलं. चुलीवरचं भगुनं स्टीलचं होतं, कोरं करकरीत.

"पितळेचं लई जड पडतंय," शिवराज कसाबसा म्हणाला. "उचलताना बायांच्या कमरा जातात. म्हून लातूरहून हे आनलं. माय, माझ्या डोक्यातच आलं न्हाई गं..."

"माझ्या तरी कुटं आलं?" गंगाबाई म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला. मला वाटलं रडतील. "पातेलं कुटं हाय?"

"घरी, माळ्यावर."

"ट्रॅक्टर काढ. बाई, तुमी बी चला."

सकाळी ज्या ट्रॉलीत बसायला मी नाक मुरडलं होतं, तसल्याच ट्रॉलीत आता मी दोन्ही हातांनी कठडा धरून उभी होते.

परत गल्लीत

घराची काडी काढून शिवराजने माळ्यावरून पातेलं उतरवलं. उचलताना घाम फुटावा एवढं जड. ते ट्रॉलीत आमच्या मधे ठेवून आम्ही खाजाभाईच्या गल्लीत शिरलो. तो पातेली बाजूला ठेवून नुसताच बसला होता. ट्रॅक्टर बघून उठला. मला बघून त्याची नजर खाली गेली.

गंगाबाई ट्रॉलीतूनच ओरडल्या. रिकाम्या गावात तो आवाज बुरुजापर्यंत गेला असेल.

"मालक आषाढात मेले. तुमी कधी मेलाव, भाऊजी? मला कुनी सांगितलं बी न्हाई!"

मी हादरले. सुतक संपून सहा महिने झाले नाहीत आणि ही बाई नवऱ्याच्या मरणाचं असं, भर रस्त्यात, तार सप्तकात! आमच्याकडे असं कुणी बोललं असतं तर पिढ्यान्‌पिढ्या बोलणं बंद झालं असतं.

"वहिनी, असं कामून बोलताव..."

"मग कसं बोलू? चाळीस मानसं उपाशी बसवली तुमी! पोरं रडून राह्यली! घरातला एक मानूस गेला, तर दुसऱ्यानं न सांगता निघून जायचं का?"

"पातेलं आलं न्हाई, वहिनी," खाजाभाई म्हणाला. एवढंच.

गंगाबाई खाली उतरल्या. शिवराजच्या मदतीने ते पातेलं उचललं आणि त्याच्यापुढे धाडकन ठेवलं.  मग, आता अगदी हळू, म्हणाल्या, "चकाचक पायजे."

खाजाभाई मटकन खाली बसला आणि पातेल्याच्या काठाला कपाळ लावून रडला. आवाज न करता, खांदे हलवत. गंगाबाई तोंड फिरवून बुरुजाकडे बघत उभ्या राहिल्या. शिवराज ट्रॅक्टरच्या चाकाशी वाकून काहीतरी बघत बसला. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.  मी रस्त्यातच उभी राहून रडले. कुणासाठी ते विचारू नका.

"चला," शेवटी तो डोळे पुसून म्हणाला, "भाता कोन ओढतंय?"

"मी ओढते," मी म्हटलं. झाल्या गोष्टीत माझा वाटा होता, तर तेवढं तरी करायलाच हवं होतं.

सोपं वाटतं ते काम, पण दहा मिनिटांत माझे दंड भरून आले. पातेलं तापलं, त्याने नवसागर टाकला, पांढरा धूर उसळला. कथलाची कांडी फिरवली आणि कापसाच्या बोळ्याने हात असा फिरवला की काळ्या भांड्याच्या पोटात चांदणं पसरत गेलं. एक ठिणगी उडून माझ्या पदराला भोक पडलं. बहिणीने दिलेली नवी साडी! एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. ते भोक मी अजून रफू केलेलं नाही.

शेतात पुन्हा

आम्ही पोचलो तेव्हा तीन वाजले होते. पोरं "चाचा आले, चाचा आले" करत धावली. खाजाभाईने आधी चुलीवरच्या स्टीलच्या भगुन्यात डोकावून बघितलं, वास घेतला.

"खाली लागलीय, वहिनी."

"लागंल न्हाई तर काय? तुमच्यापायी दोन तास चुलीवर हाय."

भज्जी पितळी पातेल्यात ओतली, तळाशी लागलेली तेवढी भगुन्यात राहू दिली. मग पूजा. शिवराज बापाच्या जागी पहिल्यांदाच उभा राहिला होता. त्याने पुढे चालत पाणी शिंपडायचं आणि मागून एकाने डोक्यावर घोंगडी घेऊन आंबिलाचं मडकं धरून चालायचं. मागचा माणूस बेचाळीस वर्षांपासून ठरलेला. चालताना एक कानडी वळणाची आरोळी द्यायची असते. शिवराजने तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. दोन पावलं तो तसाच चालला. मग मागून घोंगडीतून खाजाभाईने आरोळी दिली, खणखणीत. शिवराजने ती उचलली, मग सगळ्या रानाने. पाच पांडवांच्या पूजेची आरोळी कल्हईवाला खाजाभाई देतोय, याचं तिथे कुणालाच नवल वाटलं नाही. तोंडात बोट घालून उभी होते ती मी एकटी.

जेवणाबद्दल किती सांगू? भज्जी म्हटल्यावर मला तळणीतली भजी वाटली होती. ही तर वाडग्यातून ओरपायची. बाजरीचे वाफवलेले उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर. आंबिल म्हणजे ज्वारीच्या पिठाचं आंबवलेलं ताक, लसूण घातलेलं. पहिल्या घोटाला मी डोळे मिटले, तिसऱ्या घोटाला पेला पुढे केला. सोलकढीवर वाढलेल्या माणसाने हे कबूल करणं सोपं नाही. बहिणीचं लोणचं मी काढून दिलं. ते एका पंगतीत संपलं, आणि "जरा तिखट कमी हाय" असा शेराही मिळाला. गंगाबाई वाढताना खाजाभाईला म्हणाल्या, "पुढल्या साली पातेलं आलं न्हाई तर?" तो खाली बघून म्हणाला, "मीच येऊन घेऊन जाईन." मग कुठे त्या स्वतः जेवायला बसल्या.

उन्हं कलली तशी चुलीवर छोट्या मडक्यात दूध ठेवलं. ते उतू जातं त्या दिशेचं शेत पिकतं म्हणतात. सगळे श्वास धरून बघत होते. दूध उतू गेलं ते गावाच्या बाजूला. त्यावर बराच वाद झाला.

निघताना

बालाजी मिस्त्रीला घेऊन नाक्यावर आला. दोघंही इतके जेवले होते की त्यांना वाकता येत नव्हतं. गाडी दुरुस्त करून ते मला शोधत चिंचेपाशी आले तेव्हा सहा वाजले होते. सोलापूरची माझी गाडी, आयुष्यातली पहिली, चुकली होती. मला त्याचं काही वाटत नव्हतं, याचाच मला मोठा धक्का बसला.

गंगाबाई बालाजीला म्हणाल्या, "पुढल्या येळवसला या बरं का. बिलोली काय लांब हाय?" मिस्त्रीला म्हणाल्या, "तू बी ये रे, बायकोला घेऊन." मग माझ्याकडे वळल्या. भज्जीचा डबा हातात दिला, पदराच्या भोकावरून बोट फिरवलं. "सांभाळून जावा," म्हणाल्या आणि चूल विझवायला निघून गेल्या.

बस, एवढंच.

मी गाडीत बसले. पण आत कुठेतरी खटकलं. बालाजीला बोलावलं, मिस्त्रीला बोलावलं. भाता मी ओढला, साडी मी जाळली आणि मला एका शब्दाने 'या' नाही? असो. मोठी माणसं, विसरतात. मी खिडकीबाहेर बघत राहिले.  माझा फुगलेला चेहरा काचेत मलाच दिसत होता.

तुळजापूरचे दिवे दिसायला लागले तेव्हा गंगाबाईंचं दुपारचं बोलावण्याचं वाक्य आठवलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी एवढ्या जोरात "अगंबाई!" म्हटलं की बालाजीने ब्रेक दाबला.

आता, खरंच त्या विसरल्याही असतील. मला फोन करून विचारता आलं असतं. शिवराजचा नंबर आहे माझ्याकडे. विचारलं नाही, आणि विचारणारही नाही. यंदाची येळवस पंधरा दिवसांवर आली आहे. देवरूखला अजून ना फोन आला, ना निरोप. माझं तिकीट मी काल काढून आले.